एकशे एकचा शॉवर

झेंडू फुलला की माझं डोकं फिरतं. लोकांना तो रंग बघून तोरणं आठवतात, आपट्याची पानं आठवतात, श्रीखंड आठवतं. मला आठवते आमच्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब, तिथला कायमचा बिघडलेला एसी आणि कपाळाला हळदीकुंकू लावून ओळीने बसलेली बारा मशिनं. या वर्षीही मखमलाबादच्या आमच्या वावरात झेंडू नेहमीसारखाच आला आहे. परतीचा पाऊस नेहमीसारखाच नको तेव्हा येऊन गेला आणि खालच्या फुलांना काळं करून गेला. अण्णा, म्हणजे माझे वडील, नेहमीसारखेच आभाळाकडे बघून त्याला शिव्या देतात. मी ओट्यावर बसून दाभणाने माळा ओवते आणि तीन वर्षांपूर्वीच्या त्या एका हंगामाशी मनातल्या मनात भांडते.

झेंडूचा वास हाताला लागला की दोन दिवस जात नाही. उग्र, हिरवट, थोडा औषधासारखा. साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही. त्या वर्षी वर्गात फळ्यावर लिहिताना खडूलाही तो वास यायचा आणि पहिल्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघून हसायच्या. मी फिजिक्स शिकवते. घर फुलं पिकवणाऱ्यांचं असल्यामुळे दसरा-दिवाळीच्या दिवसांत मी अर्धी मॅडम असते आणि अर्धी मजूर. लग्न झालेलं नाही. तो विषय इथे नको.

इथला विषय माझ्या पीएचडीचा आहे. सोपा करून सांगते, कारण नाव ऐकूनच लोक घाबरतात आणि मग दोघांचाही वेळ जातो. अवकाशातून पृथ्वीवर सतत काही ना काही येऊन आदळत असतं. डोळ्यांना न दिसणारे कण. त्यातला एखादा भयंकर वेगाचा कण वर हवेतल्या एखाद्या अणूवर आपटतो. त्यातून नवे कण निघतात, ते पुढे आपटतात, त्यातून आणखी निघतात, आणि जमिनीपर्यंत येता येता त्यांची नुसती झोड उठते. तिला आम्ही शॉवर म्हणतो. ‘मॅडम बाथरूमवर पीएचडी करतात’ हा विनोद आमच्या स्टाफरूममध्ये इतक्या जणांनी इतक्या वेळा केला आहे की आता तो करणाऱ्यालाही हसू येत नाही.

या झोडीत क्वचित एखादा जड कण जन्माला येतो. बाकीच्यांपेक्षा वजनाने कितीतरी भारी. त्याचं आयुष्य इतकं थोडं की सांगायला लाज वाटावी, पण वेगामुळे ते ताणलं जातं आणि तेवढ्यात तो कित्येक किलोमीटर खाली उतरू शकतो. वाटेत हवेशी टक्कर झाली तरी आपली ऊर्जा सहजासहजी सोडत नाही. मूठ आवळून खाली येतो आणि जमिनीजवळ आल्यावर फुटतो. अशा वेळी विरत चाललेल्या शॉवरला खालच्या अंगाला पुन्हा एक उभार यायला हवा. तो उभार खरोखर दिसतो का, एवढाच माझा प्रश्न होता. असले जबरदस्त कण आभाळातून फार क्वचित येतात, त्यांची वाट बघत आयुष्य काढता येत नाही, म्हणून आम्ही शॉवर कॉम्प्युटरवर घडवतो. तिथेही बरेच जण जड कणाला जन्मल्या जागीच फोडून मोकळे होतात. मोजके तर असतात, त्यांना खालपर्यंत सांभाळत नेण्याचा ताप कोण घेणार? मी घेतला. वर्षानुवर्षं घेतला.

अण्णांना यातलं जेवढं हवं तेवढं त्यांनी उचललं होतं. वरून काहीतरी येतं आणि पोरगी ते शोधते. रोज संध्याकाळी फाटक वाजलं की गाडी लावायच्या आत प्रश्न यायचा, “सापडलं का गं?” मी म्हणायची, “नाही.” ते म्हणायचे, “बरं,” आणि पाण्याची मोटर बंद करायला जायचे. वर्षानुवर्षं रोज हाच संवाद. बाहेरच्याला वाटावं घरातली किल्ली हरवली आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या दसऱ्याला माझ्या नोंदणीची मुदत संपत आली होती. दोनदा वाढवून झाली होती. विद्यापीठाने शेवटची म्हणून जी दिली होती ती डिसेंबरअखेरची. तोवर प्रबंध गेला नाही तर सगळं पहिल्यापासून किंवा सगळंच बंद. आणि माझ्या हातात काय होतं, तर लॅबच्या कोपऱ्यातलं एक जुनं मशीन. ते गणपती विसर्जनापासून रात्रंदिवस माझे शॉवर घडवत बसलं होतं. त्याच्यावर मी कागद चिकटवला होता, ‘कृपया बंद करू नये.’ त्या ‘कृपया’चा मला आजही राग येतो.

लॅब शेवाळे सरांच्या ताब्यात होती. नामपूरकडचे, नाशकात येऊन जन्म गेला, तरी आनंद झाला किंवा राग आला की बोलण्यात अहिराणी डोकावते. मशिनांवर त्यांचा जीव. माऊस आपटला तर मुलांना वर्गाबाहेर काढतील. खंडेनवमीच्या सकाळी मी लॅबमध्ये गेले तेव्हा उदबत्तीचा धूर कोंडलेला, बाराही पडद्यांवर आमच्याच वावरातल्या झेंडूच्या माळा (अण्णा दरवर्षी पाठवतात), प्रत्येकापुढे विड्याचं पान आणि सुपारी. आणि सगळीकडे शांतता. पंख्याची घरघर नाही, दिवा नाही. माझं मशीनही गप्प.

“सर, हे बंद कोणी केलं?”

“मी,” शेवाळे सर प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले. “आज खंडेनवमी शे, मॅडम. आज हत्यारले हात लावानं नही.”

“अहो, ते हत्यार नाही! त्यावर माझं काम चालू होतं!”

“मग तेच तर हत्यार,” ते म्हणाले.

आमच्याकडेही त्या दिवशी विळे, खुरपी, फवारणीचा पंप सगळं धुऊन पाटावर मांडतात. आई तर विळीलाही कुंकू लावते आणि भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवते. मी हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं, आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की आपलं मशीनही पाटावर बसेल. माझा प्रोग्राम जुन्या पद्धतीचा. मधे थांबला की केलेलं गेलं, पुन्हा पहिल्यापासून. एवढे आठवडे पाण्यात. मी तिथेच स्टुलावर बसले आणि कपाळाला हात लावला. शेवाळे सरांनी माझ्या हातावर साखर-खोबऱ्याचा प्रसाद ठेवला. तो मी खाल्लाही. रागात माणूस काय वाटेल ते खातो.

सर मनाचे सरळ. काय झालं ते त्यांना समजावून सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. थोडा वेळ माळा नीट करत राहिले. मग म्हणाले, “एक बंद केलं ना मी? बारा देतो. परीक्षा चालू आहेत, प्रॅक्टिकलं झाली, दिवाळी संपेपर्यंत लॅब रिकामीच. उद्या दसरा. मुहूर्तावर सगळी एकदम चालू करतो.” बारा मशिनं! मी एका कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या मशीनवर दिवस काढणारी बाई. मला तो धूरही सुगंधी वाटायला लागला.

दसऱ्याला मी स्वतः लॅबमध्ये असते तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. पण दसऱ्याला फुलं पिकवणाऱ्याच्या घरातलं कोणी दुसरीकडे जाऊ शकत नाही. पहाटेपासून आम्ही पंचवटीत गणेशवाडीच्या फुलबाजारात. रस्त्यावर केशरी-पिवळे ढीग, मधून जेमतेम पाऊल टाकण्याइतकी वाट, पायाखाली चिखल आणि पाकळ्यांचा लगदा, कॅरेट आपटल्याचे आवाज, “बोला ताई, ताजा माल, बोला!” त्यात सरांचा फोन आला.

“मॅडम, फाईल सगळ्या मशिनांवर टाकली. ते वरती आकडा मागतं, तिथे काय घालू?”

एका हाताने मी झेंडू तोलत होते. समोरचं गिऱ्हाईक “पोत्याखालचा ओला देऊ नका” म्हणून कटकट करत होतं. “कुठलाही चालतो, सर,” मी ओरडून म्हटलं. “कुठलाही टाका.”

हे खरं होतं. कुठलाही चालतो. पुढचं वाक्य मी बोलले नाही, कारण ते बोलायचं असतं हे माझ्या मनातच आलं नाही. ‘डाळ शिजवताना गॅस पेटवा’ असं कोणी कोणाला सांगतं का?

त्या दिवाळीइतकी सुखाची दिवाळी मला आठवत नाही, आणि म्हणूनच तिची चीड येते. सकाळी आईबरोबर माळा ओवायच्या, दुपारी वावरात तोडणी, संध्याकाळी गाडी काढून कॉलेजवर एक चक्कर. रिकाम्या इमारतीत लांबूनच बारा पंख्यांचा आवाज यायचा. दार उघडलं की गरम हवेचा झोत. शेवाळे सरांनी घरून टेबलफॅन आणून खिडकीत लावला होता. मशिनांवरच्या माळा वाळून चालल्या होत्या, पण काढायच्या नाहीत असा त्यांचा हुकूम. “काम पुरं होईस्तोवर राहू द्या.” मी उगीच एकेका मशीनवर हात ठेवून बघायची. गरम. म्हणजे चालू आहे. आत कुठेतरी वर, खूप उंचावर, एखादा कण हवेवर आपटतो आहे आणि त्यातून माझा जड कण मूठ आवळून निघाला आहे. माझ्या तोंडून कधी नव्हे ते गाणं निघायचं.

तुळशीचं लग्न उरकल्यावर सरांनी मला एक पेनड्राइव्ह दिला. “बाराही मशिनांचं एकत्र करून ठेवलंय. तुम्हाला वेगळं जोडत बसायला नको.” केवढी ती माया! घरी येऊन मी आलेख काढला. जमिनीच्या जवळ, जिथे शॉवर विरायला हवा, तिथे उभार. पुसट नाही, शंका घ्यावी असा नाही. स्वच्छ. आलेख मी पुन्हा काढला, मग पुन्हा काढला. एखाद्या मशीनवर एखादा असा शॉवर आला असता तर योगायोग म्हणून सोडून दिला असता. पण एवढ्या सगळ्या शॉवरांत इतक्या वेळा?

बाहेर मोटर बंद झाली. अण्णा आत आले, पाय धुतले, आणि सवयीने म्हणाले, “सापडलं का गं?”

“सापडलं,” मी म्हटलं.

ते पाय पुसायचे थांबले. आईला हाक मारली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी फुलबाजारात पेढे वाटले. आडत्याला, हमालांना, शेजारच्या शेवंतीवाल्याला, चहावाल्याला. “पोरीला वरचं सापडलं,” म्हणाले. वरचं म्हणजे काय ते कोणी विचारलं नाही. पेढा हातात असला की लोक फार खोलात जात नाहीत.

माझ्या गाईड मॅडम पुण्याला असतात. त्यांना मी आलेख पाठवला आणि दोन दिवसांनी व्हिडिओ कॉल झाला. त्या पडद्याजवळ सरकून आलेख बघत राहिल्या. खूश झाल्या असं मला वाटलं.

“मंगल,” त्या म्हणाल्या, “हे बारा मशिनांचं मिळून आहे ना? मला प्रत्येकाचं वेगळं काढून दाखव. बारा रंगांत.”

“सगळीकडे उभार असणारच, मॅडम.”

“असू दे. पण थोडा तरी मागेपुढे हवा. काढ.”

मी त्यांच्यासमोरच काढला. बारा मशिनं, बारा रंग. पडद्यावर एकच रेघ आली. जांभळी. जांभळा हा माझा बारावा रंग होता. बाकीचे अकरा त्याच्या खाली होते, कणभरही इकडेतिकडे न सरकता, तंतोतंत त्याच जागी. मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. मला तेव्हाच कळलं. तरी मी एकेका मशीनची फाईल उघडून बघितली. आकड्याच्या जागी पहिल्या मशीनवर १०१. दुसऱ्यावर १०१. तिसऱ्यावर १०१. पुढे सांगायची गरज नाही.

हा आकडा काय करतो ते आता सांगते, म्हणजे माझा संताप कळेल. आभाळात कुठला कण कुठे आपटेल, त्यातून काय जन्मेल, हे नशिबावर असतं. म्हणून प्रोग्रामही पावलोपावली फासे टाकतो. ते फासे कुठल्या क्रमाने पडतील ते या सुरुवातीच्या आकड्यावर ठरतं. आकडा वेगळा दिला की क्रम वेगळा, शॉवर वेगळे. आकडा तोच दिला की सगळे फासे पुन्हा तसेच पडतात आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत हुबेहूब तेच शॉवर येतात. म्हणजे पूर्ण दिवाळीभर, वीज जाळून, टेबलफॅन लावून, बारा मशिनांनी एकाच मशीनचं काम केलं होतं. त्यात जड कणाचा खराखुरा उभार असलेला शॉवर होता एक. फक्त एक. पहिल्याच रात्री आलेला. तोच बारा मशिनांवर बारा वेळा मोजला गेला होता.

शेवाळे सरांकडे मी तावातावाने गेले. जाताना तोंडावर काय काय फेकायचं ते ठरवून गेले होते.

“सर, सगळीकडे एकशे एक का घातलंत?”

“मग किती घालू?” ते गोंधळले. “मुहूर्ताचं काम. शंभर घालतो का कोणी? एक वाढवायलाच लागतो.”

“पण सगळ्यांना तोच?”

“पूजेला सगळी सारखीच बसवली होती, मॅडम. एकाला एकशे एक आणि दुसऱ्याला एकावन्न, असा दुजाभाव कसा करू?”

या माणसाला काय म्हणणार? आमच्या घरात लग्नाच्या पाकिटावर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं नसेल तर आई ते पाकीट परत फिरवते. माझ्या पहिल्या पगारातून देवापुढे ठेवले तेही एकशे एक. मीच त्या लॅबमध्ये असते आणि एका मशीनवर पहिला आकडा घालायची वेळ आली असती, तर माझ्याही बोटांनी काय घातलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. बाकीच्या अकरांवर मात्र मी तो घातला नसता, एवढाच माझ्या सगळ्या शिक्षणाचा फरक. राग काढायला समोर माणूस होता, राग भरपूर होता, आणि तरी तो कुठे टाकावा ते कळेना. दमून गेले नुसती.

सर मात्र हादरले होते. “म्हणजे मी दोनदा बुडवलं तुम्हाला,” ते म्हणाले. मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

अण्णांना सांगणं त्याहून अवघड. ते गोठ्याच्या कडेला बसून कॅरेट धूत होते.

“अण्णा, ते सापडलं म्हटलं होतं ना, ते चुकलं. बारा नाहीत. एकच आहे, तोच बारा वेळा आला.”

त्यांनी कॅरेट उपडं केलं. “म्हंजे एक तरी हाय ना?”

“एकाला काही अर्थ नसतो. योगायोगानेही येऊ शकतो एक.”

“आता पेढे काय परत मागू का लोकांकडून?”

“तसं नाही म्हणत मी.”

“मग एक तर एक,” अण्णा म्हणाले. “आपल्याला एक सापडला.” आणि तो त्यांनी पक्का धरला. तेव्हापासून फुलबाजारात कोणी विचारलं की तेच सांगतात, “पोरीला एक सापडला.” पाहुण्यारावळ्यांतही तेच. ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. “अण्णा, असं सांगू नका हो, एक म्हणजे काहीच नाही,” मी दर वेळी म्हणते. “तू बघितला ना डोळ्यांनी?” ते विचारतात. बघितला तर मी होताच.

उरलेल्या दिवसांत बाराही मशिनांवर मी स्वतः बारा वेगळे आकडे घातले. शेवाळे सर दारात उभे होते, आत आले नाहीत. जागा पुरेना म्हणून आधीचं सगळं पुसून टाकलं. त्यात तो शॉवरही गेला. त्याचं तेव्हा काही वाटलं नाही, उलट बरं वाटलं. १०१ घातला की तो हवा तेव्हा पुन्हा येणारच होता. नव्या आकड्यांनी शॉवरांमागून शॉवर आले. जड कण जन्मले, पण कोणी वरच फुटला, कोणी अर्ध्या वाटेत, बाकीच्यांच्या गर्दीत कुठे मिसळून गेला ते कळलंही नाही. तसा उभार एकदाही नाही. एवढ्या शॉवरांत जड कणाची खूण वेगळी ओळखता येत नाही, असं मी प्रबंधात लिहिलं आणि मुदत संपायच्या आठवड्यात तो जमा केला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले सर म्हणाले की नकारसुद्धा निष्कर्षच असतो. मला डॉक्टर केलं. चुलतभावाने सत्कारात माइकवरून विचारलं, “ताई, तू काय शोधलंस ते सगळ्यांना सांग.” मी म्हटलं, “दिसत नाही, हे शोधलं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय कळलं म्हणून वाजवल्या, देव जाणे.

कधी कधी माळा ओवताना वाटतं, हा कसला उफराटा न्याय? आभाळात जे होतं ते एकदाच होतं, आणि एकदाच झालेल्याला आम्ही मानत नाही. मशीनमध्ये तेच हजार वेळा करून दाखवता येतं, तर हजार वेळा आलेल्यालाही मानायचं नाही, कारण तो तोच आहे. मग माझ्यासारखीने विश्वास ठेवावा तरी कशावर? हे मी वर्गात विचारत नाही. परीक्षेला येत नाही.

या वर्षी शेवाळे सर निवृत्त होत आहेत. ही त्यांची लॅबमधली शेवटची खंडेनवमी. मशिनं उन्हाळ्यात बदलली, प्रोग्रामही नवा बसवला, नारळ मात्र त्यांनीच फोडला. माझं पुढचं काम सुरू करायचं होतं, त्यासाठी दसऱ्याला त्यांनी लॅब उघडून दिली. या खेपेला मी बाजाराला दांडी मारून गेले. सर कीबोर्डपासून दोन हात लांब उभे. “आकडे तुम्हीच घाला, मॅडम. मी फक्त फुलं वाहतो.” अकरा मशिनांवर मी अकरा वेगळे आकडे घातले. बाराव्यावर हात अडखळला.

“सर, याला एकशे एक घाला.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी थट्टा करते आहे का ते. मग पुढे येऊन एका बोटाने घातला. एक, शून्य, एक. एका मशीनवर एकशे एक चालतो. त्यात काहीच चूक नाही. आणि मला तो पाहायचा होता, तीन वर्षं ज्याला शिव्या दिल्या तो. प्रोग्राम नवा आहे हे मला ठाऊक होतं, प्रोग्राम बदलला की त्याच आकड्याचेही फासे वेगळे पडतात हेही ठाऊक होतं. तरी वाटलं, आकडा तर तोच आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूला कोणी विचारत नाही. गणेशवाडीत रस्त्याकडेला ढीग टाकून लोक निघून जातात आणि त्यात गाई चरतात. अण्णा उरलेल्या माळा पिकअपमध्ये टाकून दुपारी थेट कॉलेजवर आले. लॅबच्या दारात चपला काढल्या. आजवर ते कधी आत आले नव्हते.

“आलोच हाय तर तो एक दाखव,” म्हणाले. “लोकांना सांगतोय इतकी वर्षं, मी कधी बघितलाच नाय.”

शेवाळे सरांनी लगबगीने खुर्ची दिली. अण्णा तिच्या कडेला टेकून बसले, पिवळे पडलेले हात गुडघ्यांवर ठेवून. बाराव्या मशीनवर मी रात्रीचा पहिला शॉवर उघडला. वरून एक रेघ निघाली, फुटली, पसरली, भरगच्च झाली आणि खाली येता येता विरत गेली. जमिनीजवळ काही नव्हतं. कुठलाच उभार नाही. मी पुढचा उघडला, त्याच्या पुढचा उघडला. एकशे एकच्या पोटातून कोणी भलतेच शॉवर बाहेर येत होते. ज्याने माझी दिवाळी नासवली त्याच्यासाठी मी रडायला आले होते.

अण्णा पुढे वाकून पडद्यावरच्या त्या रेघांच्या झाडाकडे बघत होते. “लय भारी हाय गं,” म्हणाले. “हाच का तो?”

शेवाळे सर माझ्याकडे बघत होते. ‘हो’ म्हटलं असतं तर तिघांचंही भागलं असतं.

“नाही, अण्णा. हा दुसराच आहे. तो आता येत नाही.”

“आकडा चुकला का?”

“आकडा तोच आहे. प्रोग्राम बदलला. जुना त्या जुन्या मशिनांबरोबर गेला, आता कुठेच नाही.”

पडद्यावरचा शॉवर पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, पसरला आणि विरला.

“उशीर केला मी बघायला,” अण्णा म्हणाले.